पोटाला चिकटलेलं पिल्लू

१९२२ साल. रेक्याविकमधले शिक्षक बियार्नी सेमुंडसन आइसलंडच्या समुद्रात नव्याने आढळलेल्या माशांची नोंद लिहीत होते. पेशा शिकवण्याचा, पण जीव सगळा माशांत. ट्रॉलरच्या जाळ्यातून वर आलेली एक काळीकुट्ट, थोराड मादी त्यांच्या अभ्यासात आली. तिची जात ओळखणं फारसं अवघड नव्हतं. अडचण वेगळीच होती: तिच्या पोटाला दोन छोटे मासे चिकटलेले होते.

चिकटलेले म्हणजे जाळ्यात चेंगरून अंगाला लागलेले नव्हेत. दोघांचीही तोंडं तिच्या कातडीत रुतून तिथेच जुळून गेलेली. धड बाहेर, शेपट्या मोकळ्या. सेमुंडसन यांनी जो अर्थ लावला तो त्या वेळी कुणीही लावला असता. मोठी ती आई, लहान ती पिल्लं. आईच्या पोटाशी पिल्लंच असायची, आणखी कोण असणार?

पण एवढं लिहून त्यांचं समाधान झालं नाही. ही पिल्लं आईला चिकटली कशी आणि कधी, याचा आपल्याला काहीच अंदाज बांधता येत नाही, असं त्यांनी सरळ नोंदवून ठेवलं. नराने अंडं आणून मादीच्या अंगाला डकवलं असेल, हेही त्यांना पटेना. शेवटी हे कोडं पुढच्या अभ्यासकांवर सोपवून ते बाजूला झाले.

त्यांचं उत्तर साफ चुकलेलं होतं. पण उत्तरातली फट त्यांनी झाकली नाही, म्हणून पुढची गोष्ट घडली. तीन वर्षांनी लंडनमध्ये एकाने अशाच एका 'पिल्ला'वर सुरी चालवली, आणि कण्याच्या प्राण्यांत तोवर कुणी कल्पनाही केली नव्हती असा संसार उघडकीला आला.

अंधारातली गळकाठी

या माशाच्या प्रजातीचं नाव सेरॅटियस. सेमुंडसन यांच्यासमोरची जात होती सेरॅटियस होल्बोली. खोल समुद्रातल्या अँग्लरफिशांमध्ये ही सर्वांत दांडगी. मादी मीटरभराहूनही लांब होते. जगातल्या जवळपास सगळ्या महासागरांत, सूर्यप्रकाश विरत जाऊन पुढे पुरता संपतो अशा शेकडो ते दोनेक हजार मीटर खोलीवर तिचा वावर. तिथे पाठलाग करून शिकार करायची म्हणजे ताकदीची उधळपट्टी. अन्न तुरळक, ते कुठे आहे हे दिसायला उजेड नाही. त्यामुळे ही मादी शिकारीमागे धावत नाही. ती शिकारीला आपल्याकडे बोलावते.

तिच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा लांबून त्याची काठी झालेली असते. काठीच्या टोकाला एक फुगीर गाठ आणि त्या गाठीत उजेड देणारे जिवाणू. अंधारात तेवढाच एक ठिपका तरंगताना दिसतो. मासा, माकूळ किंवा कोळंबीच्या जातीतलं काही त्याच्याकडे वळलं की खालचा जबडा उघडतो. तोंड जवळजवळ उभं, आभाळाकडे उघडणारं; दात लांब, सुयांसारखे आणि आतल्या बाजूला मुडपणारे. आत जाणाऱ्याला वाट, बाहेर येणाऱ्याला अडसर.

या काठीची रचना जवळून पाहावी अशी आहे. काठी ज्या हाडावर बसवलेली असते ते हाड डोक्यापासून पाठीपर्यंत गेलेल्या एका खाचेत पुढेमागे सरकतं. आमिष पुढे सोडायचं तेव्हा हाड पुढे. ते तोंडाजवळ आणायचं तेव्हा हाड मागे, आणि मग त्याचं मागचं टोक पाठीतून एखाद्या शेंड्यासारखं बाहेर डोकावतं. हा शेंडा कधी दिसे, कधी नाही. त्यामुळे हा वेगळाच अवयव असावा असं अभ्यासकांना बरीच वर्षं वाटत राहिलं. डेन्मार्कच्या एरिक बेर्टेलसेन यांनी कोपनहेगनच्या संग्रहालयातले नमुने तपासून १९४३ मध्ये दाखवून दिलं की हा शेंडा म्हणजे काठीचीच मागची बाजू आहे.

या सगळ्या वर्णनात एक गोष्ट सहज निसटून जाते: गळकाठी, जबडा, दात हे सगळं मादीचं वर्णन आहे. सेमुंडसन यांच्या काळापर्यंत संग्रहालयांत जमलेल्या गळकाठीवाल्या माशांत मोठा नर एकही नव्हता. मग नर कुठे होते?

पक्ष्यांनी टोचलेला पहिला पुरावा

खोल समुद्रातला पहिला अँग्लरफिश विज्ञानाच्या हाती लागला तो जाळ्यातून नव्हे. १८३३ मध्ये ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर एक मासा वाहून आला. समुद्रपक्ष्यांनी त्याचे लचके तोडले होते. उरलंसुरलं डॅनिश नौदल अधिकारी कार्ल पेटर होल्बोल यांच्यामार्फत कोपनहेगनला पोचलं आणि योहानेस राइनहार्ट यांनी १८३७ मध्ये त्याला नाव दिलं. तो सेरॅटियसचा एक लांबचा भाऊबंद, हिमँटोलोफस.

पुढे १८४५ मध्ये कोपनहेगनचेच हेन्रिक क्रॉयर यांनी ग्रीनलंडकडून आलेल्या आणखी एका माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा सेरॅटियस. जातीच्या नावात त्यांनी होल्बोल यांचा मान ठेवला. क्रॉयर यांचा दुसरा अभ्यासविषय होता माशांच्या अंगावर जगणारे कवचधारी परजीवी. या बांडगुळी जिवांवर त्यांनी १८६०च्या दशकात मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली काही चित्रं त्यांच्या घरात वाढलेल्या एका लहानग्या भाच्याने काढली होती. तो भाचा पुढे पी. एस. क्रॉयर या नावाने डेन्मार्कचा नामवंत चित्रकार झाला. माशांच्या अंगावर कोण कोण चिकटून जगतं, याचा युरोपातला एक जाणकार आणि सेरॅटियसला नाव देणारा माणूस एकच होता, तरी या माशाला चिकटून काय राहतं हे त्याला कळायला वाव नव्हता. त्याच्या हाती आलेले नमुने होतेच किती!

नमुने वाढले ते मोहिमांमुळे. १८७० च्या दशकात ब्रिटिश 'चॅलेंजर' जहाजाने जगप्रदक्षिणा केली आणि सेरॅटियसची दुसरी एक जात मिळवली. आपल्याकडच्या 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरचे डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९० मध्ये बंगालच्या उपसागरातला एक अँग्लरफिश नोंदवला. १८९८-९९ मध्ये जर्मन 'वाल्डिव्हिया' अटलांटिक आणि हिंदी महासागर पालथा घालून आली.

'वाल्डिव्हिया'च्या बारीक जाळ्यांत एक वेगळाच ऐवज होता: काही चिमुकले मासे. गळकाठी नाही, मोठा जबडा नाही. काहींच्या नाकपुड्या अंगाच्या मानाने अवाढव्य. मोहिमेतले प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट ब्राउअर यांनी १९०२ मध्ये त्यांची अँग्लरफिशांच्याच नात्यातली एक नवी प्रजाती केली आणि तिला अ‍ॅसेरॅटियस हे नाव दिलं. पुढे असे आणखी बुटके मासे सापडत गेले आणि त्यांचं वेगळं कुळच मांडलं गेलं. एका कपाटात गळकाठीवाल्या मोठ्या माद्या, दुसऱ्या कपाटात बिनगळकाठीचे बुटके. दोन्ही कपाटांना एकत्र बघायचं कारण कुणाला दिसलं नाही.

सुरी

चार्ल्स टेट रेगन हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, साउथ केन्सिंग्टनच्या इमारतीत, प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते. माशांचं वर्गीकरण हा त्यांचा हातखंडा. १९२५ मध्ये त्यांच्यासमोरही सेरॅटियस होल्बोलीची एक मादी होती आणि तिच्या अंगालाही एक छोटा मासा चिकटलेला होता. सेमुंडसन यांचं टिपण त्यांना ठाऊक होतं. त्यांनी छोट्या माशाचं विच्छेदन केलं.

तो खरंच पिल्लू असता, तर त्याच्या पोटात काय दिसायला हवं होतं? वाढत्या जिवाची पचनसंस्था, काहीतरी खाल्ल्याच्या खुणा आणि अजून न पिकलेले जननावयव. रेगन यांना सगळं उलट दिसलं. दात नाहीत. अन्नमार्ग निकामी, कसलंच अन्न पुढे न नेणारा. कल्ले मात्र शाबूत, म्हणजे श्वास त्याचा त्याचा. तोंडाची जागा मादीच्या कातडीतून आलेल्या उंचवट्याशी एकजीव झालेली, आणि रक्तवाहिन्या इकडून तिकडे गेलेल्या. बाकीच्या अवयवांची आबाळ झालेली असताना एक अवयव मात्र पुरता विकसित होता: वृषण.

म्हणजे ते पिल्लू नव्हतं. तो पूर्ण वाढलेला नर होता. मादी मीटरभराची, तिला चिकटलेला तो वीतभरही नाही. तो काही खात नव्हता. तिच्या रक्तातून येणाऱ्या पोषणावर जगत होता आणि त्या बदल्यात एकच काम करत होता.

कोकणातल्या बागायतदाराला हे दृश्य ओळखीचं वाटलं असतं. आंब्याचं भेटकलम बांधताना दोन जिवंत फांद्यांची साल तासून त्या एकमेकींना बांधतात. काही आठवड्यांत जोड भरतो, रस इकडून तिकडे वाहू लागतो आणि दोन झाडांचं एक होतं. रेगन यांच्या टेबलावर प्राण्यांतलं भेटकलम होतं. फरक एवढाच, की झाडांत हे चालतं. प्राण्यांत, त्यातून कण्याच्या प्राण्यांत, असं काही होऊ शकतं हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

बुटक्या नराची कल्पना अगदीच नवी नव्हती. चार्ल्स डार्विन यांनी खडकांना चिकटणाऱ्या बार्नेकल या कवचधारी जिवांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात काही बार्नेकलांच्या अंगावर राहणाऱ्या सूक्ष्म नरांचं वर्णन आहे. त्यांनाही ते आधी परजीवीच वाटले होते. पण बार्नेकल वेगळा आणि मासा वेगळा. मासा म्हटला की कणा, हृदय, डोळे असलेला स्वतंत्र प्राणी. रेगन यांनी आपला निबंध रॉयल सोसायटीच्या मुखपत्रात प्रसिद्ध केला तेव्हा शीर्षकातच 'परजीवी' हा शब्द घातला आणि 'बुटके नर'ही घातले. मादी आणि नर इतके एकरूप झाले असतील, तर दोघांचे जननावयवही एकाच वेळी पिकत असावेत, असा तर्क त्यांनी पुढे मांडला. तो कल्पनेच्या भरारीसारखा वाटला तरी नंतरच्या नमुन्यांनी त्याला बळच दिलं: सेरॅटियसच्या कुळात जोडी जमल्याशिवाय ना मादी पिकलेली सापडली, ना नर.

हरवलेले नवरे सापडले

चिकटलेला नर कळला. पण चिकटण्याआधी तो कुठेतरी सुटा पोहत असणारच. तो कुणी पाहिला होता का?

तो बरणीत बंद होता, १९०२ पासून. १९३० मध्ये येल विद्यापीठाच्या बिंगहॅम संग्रहातले आल्बर्ट आयडे पार यांनी ते दुसरं कपाट नव्या नजरेने पाहिलं. बिनगळकाठीचे ते बुटके मासे म्हणजे वेगळं कुळ नव्हेच. ते पहिल्या कपाटातल्या माद्यांचे अविवाहित नर आहेत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. म्हणजे नवरा-बायको तोवर दोन निरनिराळ्या कुळांत नोंदवले गेले होते!

या घोळातून रेगनही सुटले नव्हते. १९२५ मध्ये त्यांनी नर चिकटलेल्या एका छोट्या मादीला नवी प्रजाती ठरवून तिचं नाव एड्रिओलिक्नस श्मिटी ठेवलं होतं. तिच्या जातीचा सुटा नर ब्राउअर यांनी तेवीस वर्षं आधीच अ‍ॅसेरॅटियस मोलिस म्हणून नोंदवलेला होता. प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे आधीचं जातिनाम टिकतं. म्हणून या जातीला आज नराकडून आलेल्या नावाने, हॅप्लोफ्रिने मोलिस म्हणून ओळखतात.

रेगन यांच्या हाताशी एवढे नमुने आले कुठून? बरेचसे डेन्मार्कच्या 'डाना' या संशोधन जहाजामुळे. त्या मोहिमांचे प्रमुख योहानेस श्मिट खरं तर वामसारख्या ईल माशांच्या मागावर होते. युरोपच्या नद्यांतले ईल अंडी घालायला कुठे जातात, हे शोधण्यासाठी ते अटलांटिकभर बारीक जाळी ओढत फिरले आणि माग काढत सार्गासो समुद्रापर्यंत पोचले. पुढे १९२८ ते १९३० या काळात कार्ल्सबर्ग बिअर कंपनीशी जोडलेल्या प्रतिष्ठानाच्या पैशावर 'डाना'ने जगाला फेरी मारली. ईलसाठी टाकलेल्या बारीक जाळ्यांत अँग्लरफिशांची चिल्लीपिल्ली ढिगाने आली. एरवी मोठ्या जाळ्यांच्या भोकांतून ती निसटूनच जायची.

हा ढीग उपसण्याचं काम रेगन आणि कॉर्नवॉलच्या एथेलविन ट्रेवावास यांनी हाती घेतलं. १९३२ मध्ये दोघांच्या नावावर प्रसिद्ध झालेला अहवाल या विषयाचा पाया ठरला. मग बेर्टेलसेन यांनी तो ढीग पुन्हा चाळला आणि १९५१ मध्ये आपला ग्रंथ काढला. त्यांनी पिल्लांपासून सुरुवात केली. सगळ्यांची पिल्लं वरच्या दोनेकशे मीटरच्या उजेडाच्या पाण्यात वाढतात; पारदर्शक, गोलसर, जेलीसारख्या सैल कातडीत गुंडाळलेली. त्यांच्यात एक बारीक फरक आहे. मादी पिल्लाच्या डोक्यावर एक इवलासा उंचवटा दिसतो. ती पुढची गळकाठी. नर पिल्लाला तो नसतो. इतक्या लहान वयात लिंग ओळखता आल्याबरोबर कुठला नर कुठल्या मादीचा, हे लावता येऊ लागलं. दोन कपाटांतल्या बरण्या एकत्र आल्या.

आणि नराची जीवनकहाणी उभी राहिली. उजेडात वाढून झालं की तो खाली अंधारात उतरतो. रूप पालटतं. लहानपणचे दात झडतात आणि जबड्यांच्या टोकांना चिमट्यासारखी नवी दातरी हाडं येतात. ही खाण्यासाठी नव्हेत, धरून ठेवण्यासाठी. काही कुळांतल्या नरांच्या नाकपुड्या भल्यामोठ्या होतात. त्यांचा भर वासावर असावा. सेरॅटियसचा नर मात्र डोळ्यांवर विसंबतो. त्याची घ्राणेंद्रियं नगण्य, डोळे मोठे, वाटीसारखे. मादीच्या गळाचा उजेड आणि तिच्या पाठीवर पराच्या पुढे असलेले उजेड देणारे दोन मांसल गोळे, एवढीच त्याच्यासाठी खूण. त्याला खाता येत नाही. लहानपणी यकृतात साठवलेल्या शिदोरीवर तो पोहत राहतो. ती संपायच्या आत मादी भेटली तर ठीक. नाही भेटली, तर त्याच्या जन्माचं काम अपुरं राहिलं. या सगळ्या माद्या खोल समुद्रात इतक्या विखुरलेल्या, की बहुतेक नरांच्या वाट्याला ती भेट येतच नसणार. जाळ्यांत आलेल्या बहुतांश माद्याही एकट्याच असतात. म्हणून सेरॅटियससारख्या जातींत जो पोचला त्याने परत सुटायचं नाही, हा हिशेब.

जिवंत जोडी

हे सगळं कळलं ते मेलेल्या माशांवरून. जाळं वर ओढलं जाताना दाब आणि तापमान बदलतं, कातडी सोलवटते, पर मोडतात. खोल समुद्रात अशी जोडी जिवंतपणी दिसते कशी, हे कुणी पाहिलं नव्हतं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी साओ जॉर्जच्या जवळ किर्स्टन आणि योआखिम याकोबसेन हे दांपत्य 'लुला १०००' नावाच्या छोट्या पाणबुडीतून ८०० मीटर खोल गेलं होतं. काचेपलीकडे त्यांना एक मासा दिसला. लांबलचक परकाड्या चहूबाजूंना पसरलेल्या, त्यांच्या टोकांशी उजेडाची लुकलुक आणि पोटाखाली लोंबणारा एक बुटका नर. मादी मुठीएवढी. दोघांनी २५ मिनिटं तिच्यामागे कॅमेरा धरला. ही सेरॅटियसची चुलत बहीण, कॉलोफ्रिने जॉर्डनी. चित्रफीत पाहून ती ओळखली वॉशिंग्टन विद्यापीठाचे टेड पीच यांनी. अँग्लरफिशांवर पिढीभर काम केलेले हे गृहस्थ. २०१८ मध्ये ही चित्रफीत जगासमोर आली तेव्हा बरणीतल्या अशा जोड्यांना पहिल्यांदा हालचाल मिळाली. नर मादीला जखडलेला असला तरी त्याचं अंग मोकळं वळत होतं.

नकार का नाही?

याच पीच यांच्या साथीने आणखी एका प्रश्नाला हात घातला गेला. सेमुंडसन यांनी विचारलं होतं, हा चिकटला कसा. रेगन यांनी ठरवलं, हा आहे कोण. पण रेगन यांच्या काळात वैद्यकाला ज्याची पुरेशी जाण नव्हती, तो प्रश्न बाकीच होता: मादीच्या शरीराने त्याला चिकटू दिलं कसं?

एका माणसाची कातडी दुसऱ्याला लावली तर ती काही दिवसांत गळून पडते. १९४० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर काम करताना पीटर मेडावर यांनी दाखवलं की ही शरीराची चूक नाही, हा त्याच्या संरक्षणाचाच भाग आहे. परकी ऊती ओळखून तिच्यावर हल्ला होतो. १९५४ मध्ये बॉस्टनला मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दुसऱ्या कुणाचा अवयव शरीराने ठेवूनच घेतला नसता. आजही प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. झाडाला कलम चालतं. कारण झाडाकडे परक्या ऊतीला हुडकून मारणाऱ्या अशा फिरत्या पेशी नाहीत. मासा मात्र कण्याचा प्राणी. त्याच्याकडे प्रतिपिंडं आहेत, टी पेशी आहेत, आपल्यासारखाच सगळा फौजफाटा आहे. असायला हवा.

जर्मनीत फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतले थॉमस बेम, जेरेमी स्वान आणि सहकाऱ्यांनी पीच यांच्यासह अँग्लरफिशांच्या दहा जातींचे नमुने जमवून त्यांचे जनुकसंच वाचले. २०२० च्या जुलैमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. ज्या जातींत नर थोडा वेळ चिकटून पुन्हा सुटा होतो, त्यांच्यात प्रतिपिंडांना धार लावणारं जनुक गमावलेलं होतं. जिथे नर कायमचा जडतो, तिथे परक्या पेशींना ठार मारणाऱ्या टी पेशींसाठी लागणारी जनुकंही मोडीत निघालेली. आणि जिथे एका मादीला एकाहून अधिक नर जडू शकतात अशा दोन जातींत 'रॅग' नावाची जनुकंच नव्हती. या जनुकांवाचून प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी आणि टी पेशी, दोन्ही घडतच नाहीत. माणसाच्या बाळात ती बिघडलेली असतील, तर साध्या जंतुसंसर्गानेही जिवावर बेततं.

त्या दोन जाती कोणत्या? फोटोकॉरिनस स्पिनिसेप्स आणि हॅप्लोफ्रिने मोलिस. दोन्हींवर रेगन यांनी १९२५ मध्ये लिहिलं होतं.

म्हणजे नराला जागा करून देण्यासाठी मादीने नवं असं काही कमावलं नव्हतं. असलेलं सोडलं होतं. नर जितका पक्का जडणार, तितकी संरक्षणाची जास्त हत्यारं खाली ठेवलेली. कण्याच्या प्राण्यांना या यंत्रणेशिवाय जगता येत नाही, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. हे मासे समुद्रात कोट्यवधी वर्षं त्या यंत्रणेविना जगत आले आहेत, तेही जिवाणूंनी भरलेला दिवा डोक्यावर मिरवत.

मग जंतूंपासून त्यांना वाचवतं कोण? संशोधकांचा रोख आहे जन्मजात प्रतिकारशक्तीकडे. शत्रू ओळखायला न शिकता सरसकट सगळ्यांवर तुटून पडणारी ही आपली जुनी, प्राथमिक फळी. अँग्लरफिशांत ती एवढी बळकट झाली असावी, की शिकवलेल्या फौजेवाचूनही भागतं. हे खरं निघालं, तर त्यातून मिळणारा धडा प्रत्यारोपणाच्या वॉर्डांपर्यंत पोचणारा आहे. आज आपण दुसऱ्याचा अवयव टिकवण्यासाठी रुग्णाला जंतूंपुढे उघडं पाडतो. परक्याला आत ठेवायचं आणि जंतूंना बाहेर रोखायचं, अशी दोन्ही कामं एकाच शरीरात कशी होतात, याचं जिवंत उदाहरण समुद्राच्या तळाकडे पोहतं आहे. या गोष्टीतलं पुढचं विच्छेदन सुरीने नव्हे, जनुकांच्या पातळीवर व्हायचं आहे, आणि या वेळी टेबलावर नर नसेल. मादी असेल.